नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर १३,१०० किलोमीटर, मग तिकिटावर २७ तास कशाचे?

प्रश्न मनीष नगरातल्या एका काकांचा आहे. मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते, जानेवारीत तिचं बाळंतपण आहे. काका-काकू दोघंही एवढ्या लांब पहिल्यांदाच निघालेत. इंटरनेटवर त्यांना एका ठिकाणी अंतर १३,१०० दिसलं, दुसरीकडे ८,१५० आणि तिसरीकडे ७,०८०. विमान ताशी ९०० किलोमीटर जातं असं धरून त्यांनी भागाकार केला, तर साडेचौदा तास आले. तिकिटावर मात्र कतारमधल्या दोह्यामार्गे २३ तास आणि दिल्लीमार्गे २७. यातलं खरं काय, कोणत्या मार्गानं जावं, आणि जाताना-येताना वेळ वेगळा का लागतो, असं त्यांनी विचारलंय. सीताबर्डीवर बसून परदेशाची तिकिटं काढून देण्यात माझी हयात गेली. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

काका, ते तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरचा, दुसरा मैलांचा आणि तिसरा सागरी मैलांचा. विमानवाले सागरी मैल वापरतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अंतर एकच, मापं तीन. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, पुढे एकक काय लिहिलंय ते बघा.

आता हे १३,१०० किलोमीटर कोणत्या रस्त्यानं मोजलेत, ते महत्त्वाचं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर घ्या. एक दोरा नागपूरवर धरा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि ताणा. भिंतीवरचा नकाशा बघून आपल्याला वाटतं, दोरा अरबस्तान, युरोप आणि अटलांटिकवरून जाईल, नाहीतर जपान आणि पॅसिफिकवरून. तो यातलं काहीच करत नाही. नागपूरहून तो जवळजवळ उत्तरेलाच निघतो. नेपाळ, तिबेट, मंगोलियाची पश्चिम कड, सैबेरिया, मग थेट आर्क्टिक समुद्राचा काठ, तिथून अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्याकडून खाली कॅलिफोर्निया. ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग उतरणारी ही वाट म्हणजे दोन शहरांमधलं सगळ्यात कमी अंतर. संकेतस्थळं हेच देतात. सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणून मोठा केलेला असतो, म्हणून ही वाट आपल्याला वाकडी वाटते. नातवंडं मोठी झाली की त्यांना हे दोऱ्यानं नक्की दाखवा.

पण या दोऱ्यावरून कोणतंही प्रवासी विमान जसंच्या तसं जात नाही. सुरुवातीलाच तिबेटचं पठार आडवं येतं. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीनं सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, म्हणजे माणसं ऑक्सिजनच्या मुखवट्याशिवाय श्वास घेऊ शकतात. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे, उतरणार कुठे? म्हणून हा भाग शक्यतो टाळतात, किंवा सुटकेच्या वाटा आधी आखून ठेवूनच ओलांडतात. त्यापुढे चीन आहे, रशिया आहे. कोणाच्या आकाशातून जायचं तर त्या देशाची परवानगी लागते आणि शुल्कही भरावं लागतं. ध्रुवाकडचा मार्ग अशक्य आहे असं मात्र नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बेंगळूरु विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिक सहकाऱ्यांनी उत्तर ध्रुवावरून आणलं होतं.

आता वाऱ्याविषयी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

तुम्ही धरलेला ताशी ९०० किलोमीटरचा वेग बरोबर आहे, पण तो विमानाचा हवेतला वेग. ती हवा स्वतःच पळत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा ही नेहमीची गोष्ट असते. वारा पाठीशी असला की जमिनीवरून मोजलेला वेग तेवढा वाढतो, समोरून आला की तेवढा घटतो. आपल्या देशातलं उदाहरण घ्या. दिल्ली ते कोलकाता सुमारे १,३०० किलोमीटर. पाठीशी दीडशेचा वारा असेल तर ताशी १,०५० च्या हिशेबानं सव्वा तास उड्डाण. परत येताना तोच वारा समोरून, म्हणजे ताशी ७५०, आणि पावणेदोन तास. तेवढ्याशा प्रवासात अर्ध्या तासाचा फरक पडतो. मग पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात काय होत असेल ते बघा.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं हेच करून दाखवलं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ते पॅसिफिकवरून नेलं तेव्हा अंतर १५,३०० च्या आसपास गेलं, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीच्यापेक्षा लवकर. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी १,०५० च्या वर निघतो. त्या वेळी अनेकांनी याचं कारण पृथ्वीचं फिरणं असं सांगितलं. माझ्याकडे येणारे लोक आजही सांगतात की विमान वर गेलं की खालची पृथ्वी सरकते. तसं नसतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर पतंग उडवताना दोऱ्याची रीळच हातात राहिली नसती. वेळ वाचवला तो पाठीच्या वाऱ्यानं.

म्हणून मी गिऱ्हाइकाला किलोमीटर सांगतच नाही. लांबचा रस्ता लवकर पोचवू शकतो आणि जवळचा उशिरा. त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज बघून विमान कंपनी रोज मार्ग नव्यानं ठरवते. सोमवारी गेलेलं विमान आणि गुरुवारी गेलेलं विमान एकाच नंबरचं असलं तरी त्यांची वाट वेगळी असू शकते.

दुसरी गोष्ट बंद आकाशाची. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना खाली अरबी समुद्राकडे वळसा घालावा लागला, आणि उत्तर अमेरिकेची काही विमानं इंधन भरायला व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरवावी लागली. युक्रेन युद्धानंतर, २०२२ पासून, युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. आखातालाही याची झळ बसते, जून २०२५ मध्ये कतारनं आपलं आकाश काही तास बंद केलं होतं. तुमचा भाचा चार-पाच वर्षांपूर्वी गेला तेव्हा जो वेळ लागला, तोच आज लागेल असं धरून चालू नका. तिकीट काढायच्या दिवशी विमान कंपनी जो वेळ दाखवते तोच धरा. आणि दिल्लीहून 'थेट' लिहिलेलं विमान मध्ये इंधनाला उतरतं का, हे स्पष्ट विचारा. विमानाचा नंबर एकच असतो, त्यामुळे तिकिटावर ते चटकन लक्षात येत नाही.

तुमच्या भागाकारातून आणखी एक गोष्ट सुटली. नागपूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. ९०० नं भागलं तर पाऊण तास येतो. तिकिटावर मात्र दीड तास असतो, आणि तो बरोबर असतो. कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर लागलं तिथपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी झालेला वेग हे सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं वर घिरट्या घालतात. तुम्हाला घरच्या घरी अंदाज काढायचा असेल तर अंतराला ८५० नं भागा आणि वर पस्तीस-चाळीस मिनिटं घाला. दिल्ली–लंडन, मुंबई–नागपूर, कुठंही लावून बघा, आकडा तिकिटाच्या जवळपास येतो. पश्चिमेला जाताना त्यात थोडी भर घाला, विशेषतः हिवाळ्यात.

आता आपल्या नागपूरचं. झिरो माइलचा दगड आपल्याकडे, देशाचा मध्य आपल्याकडे, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. चार महानगरांचं टपाल एका रात्रीत पोचायचं, ते नागपूर मध्यावर आहे म्हणून. देशातल्या प्रवासाला मध्यावर असणं असं कामाला येतं. परदेशी जाताना मात्र मध्यावरच्या माणसाला आधी कडेला जावं लागतं. दिल्ली ८५५ किलोमीटर, मुंबई ६८०, हैदराबाद सव्वाचारशेच्या आसपास. हे पहिलं पाऊल कुठं टाकायचं, यावर तुमचा सगळा प्रवास अवलंबून आहे.

दोन्ही वाटांची तुलना करू. नागपूर–दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मिळून सुमारे १३,२४० किलोमीटर होतात. दोऱ्याच्या अंतरापेक्षा फक्त सव्वाशे-दीडशे किलोमीटर जास्त, कारण दिल्ली जवळजवळ त्याच वाटेवर आहे. नागपूर–दोहा २,८४० आणि दोहा–सॅन फ्रान्सिस्को १३,०००, एकूण १५,८४०. म्हणजे दोह्यावरून गेलात तर २,६०० किलोमीटर जास्त उडावं लागतं, तीन तासांचा भुर्दंड. असं असूनही दोह्याचं तिकीट २३ तासांचं आणि दिल्लीचं २७ तासांचं निघालं, कारण सगळा फरक मधल्या थांब्याचा आहे. दोह्याचा जोड तीन तासांचा मिळाला असेल, दिल्लीचा लांबला असेल. उलटही होऊ शकतं. आखाताची विमानं नागपूरहून मोजकीच, शारजा आणि दोहा. वार चुकला की दोह्यात दहा-दहा तास बसावं लागतं. आणि शारजाहून अमेरिकेला थेट विमान नाही, तिथून दुबई किंवा अबुधाबीपर्यंत वेगळी व्यवस्था करावी लागते. वयस्कर माणसांना मी ते कधीच सुचवत नाही.

तुम्ही दोघं पहिल्यांदा जाताय, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. जोड तीन ते पाच तासांचा मिळत असेल तर दोह्याचं घ्या, किलोमीटर जास्त असले तरी. कारण इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, सोनेगावलाच होतं. रांग छोटी असते, अधिकारी मराठीत बोलतात, काही कागद राहिला तर घरून आणून देता येतो. बॅगा इथे टाकल्या की थेट सॅन फ्रान्सिस्कोला मिळतात. दिल्लीला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग लावायची, सुरक्षा तपासणी पुन्हा करायची, आणि देशांतर्गत विमान टर्मिनल एकवर उतरलं तर बसनं टर्मिनल तीनवर जायचं. तरुण माणसाला याचं काही वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या काकूंना वाटतं. कोणताही मार्ग घ्या, दोघांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच लिहून ठेवा, त्यात संकोच करायचं काही कारण नाही.

दिल्लीवरून जायचंच ठरलं तर जानेवारीतलं धुकं लक्षात ठेवा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर दिल्लीत पहाटेची विमानं तासन्‌तास अडकतात. त्यामुळे नागपूरहून पहाटेचं विमान घेऊन सकाळचं अमेरिकेचं विमान पकडायचा बेत करू नका. दुपारी किंवा संध्याकाळी निघा.

आणि हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो: नागपूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एकच तिकीट, एकच पीएनआर (तिकिटावरचा आरक्षण क्रमांक) ठेवा. नागपूर–दिल्ली वेगळं काढलं तर दीड-दोन हजार वाचतात, म्हणून लोक तसं करतात. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं सुटलं, तर एका पीएनआरवर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते. वेगळ्या तिकिटांवर ती तुमची. ऐन वेळी अमेरिकेचं नवं तिकीट काढायची पाळी आलेली कुटुंबं मी बघितली आहेत, आणि तो खर्च वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो. अमेरिकेत पहिला थांबा न्यूयॉर्क किंवा शिकागो असलेलं स्वस्त तिकीटही मुलगी दाखवेल. ते नको. इमिग्रेशन पहिल्या अमेरिकन विमानतळावर होतं, बॅगा तिथे उचलून पुन्हा द्याव्या लागतात, आणि हे सगळं सोळा तास बसून अंग आंबल्यावर. थेट सॅन फ्रान्सिस्कोलाच उतरा, तिथे बाहेर मुलगी-जावई उभे असतील.

आता २७ तास कसे होतात ते घड्याळ लावून बघू. समजा तुमचं नागपूरचं विमान मंगळवारी दुपारी चारला निघालं. सहाच्या सुमाराला दिल्ली. रात्री तीनला, म्हणजे बुधवार लागल्यावर, अमेरिकेचं विमान. सोळा तासांनी ते उतरेल तेव्हा आपल्याकडे बुधवारी संध्याकाळचे सात वाजलेले असतील. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, म्हणून तिथे बुधवारचीच पहाट, साडेपाच. तिकिटावर निघण्याची वेळ बुधवार ३ आणि पोचण्याची बुधवार ५:३० बघून अनेकांना वाटतं की अडीच तासांचाच प्रवास आहे. इमिग्रेशन आणि बॅगा आटोपून बाहेर पडायला सात वाजतील. आपल्या घड्याळात तेव्हा बुधवारची रात्र, साडेआठ. तिकिटावरचा वेळ मात्र विमान लागलं तिथपर्यंतचा: मंगळवारी दुपारी चार ते बुधवारी संध्याकाळी सात, २७ तास. त्यातले हवेतले फार तर साडेसतरा, बाकीचे सगळे जमिनीवरचे. तुमचा भागाकार जेवढा मोजत होता तो या प्रवासाचा एक तुकडा होता.

हा साडेतेरा तासांचा फरक कायमचा नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येतात. मधल्या काळात फरक साडेबारा तासांचा. तुम्ही जानेवारीत जाऊन समजा मेमध्ये परतणार असाल, तर जाताना आणि येताना हिशेब वेगळा लावावा लागेल.

काका, तुम्हाला मधुमेहाची गोळी आहे असं तुम्ही लिहिलंय. गोळी कोणत्या घड्याळानं घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको. आणि विमानात दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, पाय सुजत नाहीत.

परतीचं. सॅन फ्रान्सिस्कोहून सकाळी दहाला निघालात तर उन्हाळी घड्याळाप्रमाणे आपल्याकडे त्याच दिवशीचे रात्रीचे साडेदहा. सोळा तास धरले तर दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच. जाताना घड्याळात न दिसलेले तास इथे कॅलेंडरवर दिसतात. आपण सोळा तास बसलो आणि तारीख मात्र एक दिवसानं पुढे गेली. नातेवाइकांना विमानतळावर बोलावताना पोचण्याचीच तारीख सांगा, निघण्याची नाही. यात घोळ फार होतो. आणि परतीला दिल्लीमार्गे येणार असाल तर एक फरक पडतो. जाताना बॅगा थेट गेल्या होत्या, येताना तसं होत नाही. भारतातल्या पहिल्या विमानतळावर कस्टम्स असतं, म्हणून बॅगा दिल्लीत पट्ट्यावरून उचलायच्या, बाहेर यायचं आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. दोह्यामार्गे आलात तर हेच काम सोनेगावला होतं. दिल्लीचं घेतलंत तर परतीच्या जोडाला निदान चार तास ठेवा, तीनचा दाखवला तरी घेऊ नका.